पाठीवरचा भाऊ

भाद्रपदाच्या वद्य पक्षातील एका सकाळी, रात्रभर कोसळून दमलेला पाऊस उघडल्यानंतर, वाळकेश्वराच्या टेकडीवरून बाणगंगेच्या तलावाकडे उतरणाऱ्या ओल्या पायऱ्यांवर मी काठी टेकीत उभा होतो, तेव्हा माझे वय शहाऐंशी वर्षांचे होते आणि ज्याच्या तर्पणासाठी मी तेथे आलो होतो तो माझ्याहून चार वर्षांनी लहान होता. तो अविवाहित राहिला. त्यामुळे दहाव्या दिवसापासून वर्षश्राद्धापर्यंतची सारी कृत्ये माझ्याकडे आली, आणि वर्ष सरल्यानंतरचा हा पहिलाच महालय होता. जे त्याने माझ्यासाठी करावयाचे ते मी त्याच्यासाठी करीत होतो. गुरुजींनी गोत्र विचारले, नाव विचारले, आणि मग नाते विचारले. "पाठचा भाऊ," मी म्हणालो. त्यांनी ते संस्कृतात घातले, 'भ्रातरम्' म्हटले आणि माझ्या ओंजळीत तीळ टाकले. 'पाठचा' हा शब्द मात्र त्यात उतरला नाही.

आपल्या लगोलग मागे जन्मलेल्या भावंडाला मराठीत पाठचे किंवा पाठीवरचे म्हणतात. आमच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा होता, कारण आई तिसऱ्या मजल्यावरून नळावर पाणी भरावयास उतरली की बाळ माझ्या पाठकुळीस असे. त्याचे नाक माझ्या मानेला घासत असे आणि त्याला जे काही सांगावयाचे ते तो माझ्या कानामागून सांगत असे. घरात त्याला सर्वजण बाळच म्हणत. साठी उलटली तरी म्हणत. या गोष्टीला साक्षीदार असा आता मी एकटाच उरलो आहे. आईवडिलांच्या आठवणी आम्ही दोघांनी मिळून सांभाळल्या. एकाला विसर पडला तर दुसरा पुरवी. बाळाचा पहिला दिवस ज्यांनी पाहिला त्यांपैकी हयात असा मी एकच, आणि म्हणून त्या दिवशी तर्पण आटोपल्यावर, त्याची पाऊले ज्या रस्त्यांवर अधिक उमटली त्या गिरगाव, लालबाग, परळ आणि दादर या मार्गाने एकदा शेवटपर्यंत जावे, अशी मी मनाशी तजवीज केली होती.

बाणगंगेचे माहात्म्य मुंबईकराला नवे नाही. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला येथे तहान लागली, समुद्र समोर असून गोडे पाणी कोठे नव्हते, तेव्हा लक्ष्मणाने बाण मारून भूमीतून जलधारा काढली, ही ती कथा. आजही समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या या तलावात गोड्या पाण्याचा झरा आहे. तलावाचे बांधकाम शिलाहारांच्या दरबारातील लक्ष्मण प्रभू या मंत्र्याने ११२७ साली केले असे सांगतात. पोर्तुगीज अमदानीत उद्ध्वस्त झालेले वाळकेश्वराचे देऊळ रामा कामाठी या सारस्वत व्यापाऱ्याने १७१५ मध्ये पुन्हा उभारले. आणखी एक कथा आहे ती मला अधिक जवळची वाटते. रामाच्या नित्यपूजेसाठी लक्ष्मण रोज काशीहून शिवलिंग आणीत असे. एके दिवशी त्याला यावयास उशीर झाला, आणि रामाने वाट पाहून अखेरीस किनाऱ्यावरील वाळूचेच लिंग केले. वालुकेश्वर, वाळकेश्वर. या कथेतील चमत्काराकडे लक्ष न जाता माझे लक्ष नेहमी त्या उशिराकडे जाते: सांज झाली आहे, धाकटा अजून आलेला नाही, आणि थोरला वाटेकडे डोळे लावून बसला आहे. छापखान्यातून बाळाला यावयास उशीर होई तेव्हा चाळीच्या सज्जात मी असाच उभा राहत असे, आणि वाडीच्या तोंडाशी दिव्याखालून त्याची आकृती सरकली की घरात जाऊन झोपेचे सोंग घेत असे.

टॅक्सीने चौपाटीवरून ठाकुरद्वारापर्यंत यावयास दहा मिनिटे लागली. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांचा देह ज्या वाळूवर अग्नीस दिला गेला ती चौपाटी आमच्या बालपणी आमचे अंगण होते. आता टॅक्सीच्या काचेतून ती एखाद्या चित्रासारखी मागे गेली. ठाकुरद्वाराच्या पुढे मी उतरलो. आमची चाळ आज तेथे नाही. गिरगावातील कित्येक जुन्या इमारती पुनर्बांधणीत गेल्या, काही भुयारी मेट्रोच्या कामासाठी पाडल्या गेल्या, आणि ज्या वाडीत उभे राहिल्यास चहूंकडून स्वयंपाकाचा वास, रेडिओवरील नाट्यपद आणि कुणाच्या तरी पाढ्यांचा सूर एकाच वेळी कानी पडे, तेथे आज पत्र्याचे उंच कुंपण आहे. तथापि गिरगाव अगदीच पुसले गेले आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. केशवजी नाईकांच्या चाळीतील गणपती, जो १८९३ पासून बसतो, नुकताच विसर्जित झाला होता आणि मांडवाचे बांबू अद्याप सोडवावयाचे राहिले होते. खोताच्या वाडीतील लाकडी जिने आणि नक्षीदार कठडे असलेली ख्रिस्ती घरे काही शिल्लक आहेत. आणि एका कोपऱ्यावर पियूषचा पेला हाती घेतल्यावर जायफळाचा जो वास आला तो मात्र तसूभरही बदललेला नव्हता. मी दोन पेले मागविले, एक प्यालो, आणि दुसऱ्याचे काय करावे हे न सुचून तोही प्यालो.

बाळ सतराव्या वर्षी गिरगावातील एका छापखान्यात जुळारी म्हणून लागला आणि तेथेच त्याचे आयुष्य गेले. मुद्रणाचा व्यवसाय या परिसरात कसा रुजला याची हकीकत तो अभिमानाने सांगे. गणपत कृष्णाजींनी १८४१ मध्ये पहिले मराठी छापील पंचांग काढले ते याच मुंबईत. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली पोरवयात काम शिकलेल्या जावजी दादाजींनी राणोजी रावजी आरू यांच्या साह्याने देवनागरीचे असे सुबक खिळे तयार केले, की १८६९ मध्ये निघालेल्या त्यांच्या निर्णयसागर छापखान्याचे संस्कृत ग्रंथ देशोदेशीच्या पंडितांनी प्रमाण मानले. काळबादेवीच्या कोलभाट गल्लीवरून जाताना बाळ त्या वास्तूला नमस्कार करी. जावजी १८९२ मध्ये वारले, म्हणजे बाळाच्या जन्मापूर्वी अर्धे शतक. पण तो त्यांचा उल्लेख 'आमचे जावजीशेठ' असा करीत असे.

मी महसूल खात्यात दफ्तरे सांभाळली. अक्षर माझ्या दृष्टीने वाचावयाची वस्तू होती, त्याच्या दृष्टीने ती उचलावयाची वस्तू होती. एकदा मी त्याला काम करताना पाहिले. समोर उतरती केस, तिच्यात लहान-मोठे खण, प्रत्येक खणात एकेका अक्षराचे खिळे. डाव्या हातात स्टिक, तिच्यात जमत आलेल्या ओळीच्या शेवटच्या खिळ्यावर अंगठा. नजर हस्तलिखितावर, आणि उजवा हात मात्र न पाहता खणाखणांतून फिरत होता, जणू अंधारात ओळखीच्या घरात वावरणारा माणूस. ओळ स्टिकमध्ये उलटी आणि उपडी जुळत जाते, ती तशीच वाचावी लागते. ती सवय त्याच्या डोळ्यांत इतकी मुरली होती, की मी वर्तमानपत्र वाचीत बसलो असता समोर बसून तो तेच पान उलटीकडून माझ्या आधी वाचून संपवी. काम झाल्यावर खिळे रॉकेलने धुऊन पुन्हा ज्याच्या-त्याच्या खणात टाकावयाचे. एक अक्षर चुकून दुसऱ्या खणात पडले तर त्याचा उपद्रव महिन्यांनंतर, भलत्याच पुस्तकात होतो, असे तो म्हणे, आणि म्हणून इतर जुळारी दिवसभर थकून खिळे कसेबसे टाकून घरी पळत तेव्हा हा उशिरापर्यंत थांबून ते निवांतपणे टाकीत बसे. सज्जात मला तिष्ठत ठेवणारा उशीर तो हा.

पहिला पगार झाला त्या दिवशी त्याने कागदात गुंडाळलेली एक पुडी माझ्या हातात ठेवली. आत चार खिळे होते, सुतळीने घट्ट बांधलेले: द, काना, द, काना. झिजून बाद झालेले खिळे ओतकामाकडे परत जातात, त्यांतून मालकांची परवानगी मागून त्याने ते निवडले होते. "उलटं वाच," तो म्हणाला. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे ते चार तुकडे सदुसष्ट वर्षे माझ्या टेबलाच्या खणात आहेत. शिरोरेषा घासली गेली आहे, दुसऱ्या कान्याचा पाय किंचित मोडला आहे. त्या दिवशी ते माझ्या खिशात होते. बाणगंगेच्या पायरीवर वाकताना ते तळहाताला टोचले.

ठाकुरद्वारावरून गिरगावच्या रस्त्याने उत्तरेस चालत गेले की प्रार्थना समाज लागतो. बसचे वाहक ते नाव थांब्याचे म्हणून पुकारतात आणि उतरणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते एका चौकाचेच नाव वाटते. परंतु ३१ मार्च १८६७ रोजी ज्या संस्थेची स्थापना झाली, जिच्यात पुढे न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी आपली बुद्धी व प्रतिष्ठा ओतली, तिचे १८७४ मधील मंदिर त्या गर्दीत आजही उभे आहे. तिचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आरंभीच्या पदवीधरांपैकी ते एक. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ज्या आठ जणांनी स्थापिली त्यांतही ते होते. आणि १८७८ मध्ये विलायतेस जाण्यापूर्वी तरुण रवींद्रनाथ ठाकूर इंग्रजी सफाईने बोलावयास शिकण्यासाठी राहिले ते त्यांच्याच घरी. त्यांचे थोरले बंधू दादोबा पांडुरंग यांना मराठी भाषेचे पाणिनी म्हणतात. १८३६ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे व्याकरण कित्येक पिढ्यांनी घोकले. सुरतेत दुर्गाराम मेहताजींच्या सहकार्याने त्यांनी १८४४ मध्ये मानवधर्म सभा काढली, पुढे मुंबईत परमहंस सभेच्या मुळाशी तेच होते. आणि मोरोपंतांच्या 'केकावली'वर त्यांनी जी टीका लिहिली तिला आईवडिलांची नावे जोडून 'यशोदापांडुरंगी' असे नाव दिले.

या दोघांच्या दरम्यान एक भाऊ होता. भास्कर पांडुरंग: जन्म १८१६, दादोबांहून दोन वर्षांनी लहान. १८४१ मध्ये 'बॉम्बे गॅझेट' या इंग्रजी पत्रात आठ पत्रे प्रसिद्ध झाली, सही 'एक हिंदू' एवढीच. इंग्रजांचे राज्य म्हणजे ईश्वरी प्रसाद अशी भाषा शिकलेल्या वर्गाच्या ओठांवर होती त्या काळात या पत्रांनी स्पष्ट लिहिले की या राज्यात देशाचे द्रव्य परदेशी वाहून जात आहे, व्यापार आणि हुन्नर बुडत आहेत, आणि एतद्देशीयांना अधिकाराच्या जागांपासून दूर ठेवले जात आहे. दादाभाई नौरोजी, ज्यांच्या नावाशी हा विचार पुढे कायमचा निगडित झाला, ते तेव्हा सोळा वर्षांचे होते. पत्रे लिहिणारा पंचवीस वर्षांचा. आणि १८४७ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, तो वारला. त्या पत्रांचे महत्त्व अभ्यासकांनी, विशेषतः इतिहासकार जे. व्ही. नाईक यांनी, एका शतकाहून अधिक काळ लोटल्यावर लोकांसमोर आणले.

हे मला बाळाने सांगितले. या विषयावरील एक लेख कोणत्याशा नियतकालिकासाठी जुळविताना त्याला ही हकीकत कळली, आणि रात्री जेवताना त्याचा घास हातातच राहिला.

"दादा, नावच घातलं नाही रे त्यानं."

"सरकारची भीती असेल," मी म्हणालो. माझे उत्तर सरकारी नोकराचे होते.

"भीती असती तर लिहिलंच नसतं." मग थोडा वेळ थांबून, "आणि थोरल्याला केवढं वाटलं असेल! व्याकरण लिहिणारा माणूस. धाकट्याची वाक्यं पहिल्यांदा त्यानंच सुधारली असतील."

दादोबा १८८२ पर्यंत जगले. धाकट्याच्या पश्चात पस्तीस वर्षे. तेव्हा आम्हां दोघांना हा आकडा काही विशेष वाटला नव्हता. प्रार्थना समाजाच्या चौकात, सिग्नलपाशी, छत्री मिटून उभा असताना मी तो पुन्हा मोजला. मला पस्तीस वर्षे मिळावयाची नाहीत, ही एक सवलत आहे.

तेथून बसने भायखळ्यावरून लालबागेस निघालो. वाटेत राणीच्या बागेजवळचे संग्रहालय दिसले. १८७२ मध्ये उघडलेल्या या वास्तूला १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले, आणि ते सर्वस्वी योग्य झाले. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही ग्रँट मेडिकल कॉलेजचेच पदवीधर होते आणि वैद्यकीच्या जोडीला छायाचित्रणाचा नवा हुन्नर शिकलेले होते, हे किती प्रवाशांना ठाऊक असेल? बस पुढे गेली.

लालबाग म्हणजे आमचे आजोळ. कोकणातील घर आजोबांच्या पश्चात बंद पडले आणि मामा गिरणीत साचेवाला झाला, तेव्हापासून सुटीतील आमचा मुक्काम त्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत असे, जेथे तीन पाळ्यांचे कामगार पाळीपाळीने झोपत आणि एकाच्या अंथरुणाची ऊब जाण्यापूर्वी त्यावर दुसरा अंग टाकी. पहाटे भोंगा झाला की बाळ दचकून माझा हात धरी. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी ताडदेवास काढली, १८५६ मध्ये तिचे चाक फिरू लागले, आणि त्यानंतरच्या शतकात गिरणगाव नावाचा जो मुलूख उभा राहिला त्यात ऐन भरात अडीच लाखांच्या आसपास माणसे राबत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला संप कधी रीतसर मिटलाच नाही. मामा तेव्हा निवृत्त झालेला होता, पण त्याचे दोन्ही मुलगे कामावर होते. त्या दोन वर्षांत बाळाने आपल्या पगाराचा निम्मा भाग दरमहा लालबागेस पोहोचविला, हे मला मामीने तो गेल्यानंतर, डोळे पुसत सांगितले. माझ्याजवळ त्याने कधी त्याचा उच्चार केला नव्हता. दफ्तरांत आयुष्य घालविलेल्या माणसाच्या पाठच्या भावाची ही एवढी मोठी नोंद कोठेही नव्हती.

आज गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आहेत आणि रस्त्यावर उड्डाणपूल आहे. परंतु पुलाखालून आत वळले की मसाल्याची गल्ली अद्याप आहे. मिरच्यांचे ढीग, धण्यांची पोती, भाजणीच्या कढया, आणि लोखंडी डंकांचा तो एकसारखा धप् धप् आवाज, ज्याने पायांखालची जमीनही हलते. बायका आपापल्या घरची मापे चिठ्ठीवर लिहून आणतात आणि कांडप पुरे होईतो डंकासमोरून हलत नाहीत, न जाणो आपल्या मिरचीत दुसऱ्याची मिसळली तर. बाळ लहानपणी या गल्लीत शिरला की मोजून सात शिंका देई, आणि मामी म्हणे, बाळ आला हे गल्लीला कळलं. मी तेथे बराच वेळ उभा राहिलो. मला एकही शिंक आली नाही. डोळ्यांना मात्र पाणी आले, आणि ते मिरचीचे आहे असे पाहणाऱ्यांनी समजावे याची त्या गल्लीत सोय आहे. गणेश गल्लीचा गणपती १९२८ पासूनचा आणि बाजारातील कोळी व व्यापारी मंडळींनी हक्काच्या जागेसाठी केलेल्या नवसातून १९३४ मध्ये बसलेला लालबागचा राजा. दोहोंच्या मांडवांची आवराआवर चालू होती, आणि गुलाल ओल्या रस्त्यावर चिखल होऊन राहिला होता.

लालबागहून परळ हे अंतर पायी जाण्याजोगे आहे, पण मी पुन्हा बस घेतली. परळला मला फार वेळ थांबवणार नव्हते. आपल्या आयुष्याचे अखेरचे सात महिने बाळ या भागातील रुग्णालयात जात-येत होता. किंग एडवर्ड स्मारक रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले ते अध्यापक सर्व भारतीयच असावेत या देणगीदारांच्या अटीवर. आणि त्याच्या शेजारचे टाटा स्मारक रुग्णालय, जे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, त्याची मूळ प्रेरणा एका वियोगात आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. देशभरातून लोक येथे येतात, आणि ज्यांना खोली परवडत नाही ते समोरच्या पदपथावर प्लॅस्टिकच्या छताखाली संसार मांडतात. काहींना दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत आसरा मिळतो. त्या दिवशी पदपथावर एक मनुष्य, बोलण्यावरून मराठवाड्यातला, एका तरुणाच्या डोक्याला तेल लावीत होता. तरुणाच्या डोक्यावर केस नव्हते. तरीही तो कपाळापासून मानेपर्यंत, भांग पाडल्यासारखी, बोटे फिरवीत होता. "भाऊ का?" मी विचारले. "हाव. धाकला," तो म्हणाला, आणि हात न थांबवता माझ्यासाठी चटईवर जागा केली.

या परळातच पोयबावडीजवळ बी. आय. टी. चाळ आहे. दुसऱ्या मजल्यावरील ५० आणि ५१ क्रमांकांच्या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसहून अधिक वर्षे राहिले. ते भावंडांत सर्वांत धाकटे. थोरले बंधू आनंदराव अकाली गेल्यावर त्यांची पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा मुकुंद यांचा भार या धाकट्याने आपल्या अंगावर घेतला, आणि एवढ्याशा जागेत त्या सर्वांचा संसार चालला. चाळीच्या जिन्याशी मी थोडा वेळ उभा राहिलो. सृष्टीचा जो क्रम आपण धरून चालतो तो हा: थोरल्याने आधी जावे आणि धाकट्याने मागचे निस्तरावे.

१५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईची जुनी डिझेलवरची दुमजली बस शेवटची धावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बातमी मी बाळाला खाटेशी बसून वाचून दाखविली. त्याला बोलावयास श्रम पडत. तो बराच वेळ छताकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "दादा, ट्राम." एवढेच. मला समजले. घोड्यांची ट्राम मुंबईत १८७४ मध्ये आली, विजेची १९०७ मध्ये, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला निघाली. आम्ही दोघे दादरला ट्राम टर्मिनसवर तिची वाट पाहत उभे होतो. आजही त्या जागेला लोक दादर टी. टी. म्हणतात, आणि त्यातील दोन अक्षरांचा अर्थ नव्या पिढीला सांगावा लागतो. ट्राम आली ती माणसांनी ओसंडून, पायऱ्यांवर, दांड्यांना लोंबकळत. बाळ एकवीस वर्षांचा होता. गर्दीत घुसून त्याने ट्रामच्या लाकडी बाजूला तळहात टेकविला, क्षणभर तसाच धरला आणि परत आला. का, असे मी विचारले नाही. डिसेंबरात, मार्गशीर्षाच्या आरंभी, पहाटे चार वाजता तो गेला तेव्हा त्याचा तोच तळहात माझ्या हातात होता, आणि बोटांच्या पेरांवर शिशाची ती करडी छटा, जी कोणत्याही साबणाने निघाली नव्हती, अद्याप होती.

दादरला मी दोन ठिकाणी गेलो. पहिले, शिवाजी पार्काच्या समुद्राकडील अंगास असलेली, दानशूर भागोजी कीर यांचे नाव लाभलेली स्मशानभूमी. तिच्या फाटकापर्यंतच गेलो. त्या दिवशी, अग्नी देण्यापूर्वी, लहानांनी पायांवर डोके ठेवावयाचे तेव्हा गुरुजींनी मला बाजूला थांबविले, कारण वडील माणसाने धाकट्याच्या पाया पडू नये असा शिष्टाचार आहे. मी थांबलो. तो माझ्या हातून घडलेला एक प्रमाद आहे असे मला आता वाटते. शास्त्राला विचारून प्रेम करावयाचे वय केव्हाच उलटले होते.

दुसरे ठिकाण दादरच्या पूर्वेस, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. १८९८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था बाळाचे दुसरे घर होते. ऑफसेट आणि मग संगणक आल्यावर खिळे मोडीत निघाले, केसच्या लाकडी खणांतून लोक घरी शोभेच्या वस्तू ठेवू लागले, आणि बाळ मुद्रितशोधक झाला; तेव्हा एखाद्या शब्दाचे जुने लेखन अडले की तो गिरगावहून बस पकडून येथे येई आणि दिवस घालवी. संदर्भ विभागात मी अ. का. प्रियोळकरांनी संपादून १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेले 'रावबहादूर दादोबा पांडुरंग' हे पुस्तक मागितले. दादोबांचे आत्मचरित्र त्यात आहे. बाळाला प्रियोळकर दोन कारणांनी पूज्य: हिंदुस्थानातील मुद्रणकलेचा इतिहास त्यांनी लिहिला, आणि दादोबांना त्यांनी पुन्हा लोकांसमोर उभे केले. थोरल्याच्या चरित्रात धाकटा सापडतो का ते पाहू, एकदा जाऊ, असे आम्ही कित्येक वर्षे म्हणत होतो. जाणे झाले नाही. मी माझ्या निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावयास त्याच्यासह बँकेत जाई. त्या फेरीत सहज होण्यासारखे काम होते.

ग्रंथपाल बाईंनी पुस्तक आणून टेबलावर ठेवले, पाने कडक झाली आहेत, जपून उलटा, असे सांगितले, आणि दिवा माझ्याकडे वळविला. मी चष्मा पुसला. खिशातील चार खिळे काढून पुस्तकाशेजारी ठेवले, कारण बसताना ते मांडीला रुतत होते. पाने चाळता चाळता 'भास्कर' हे नाव आले.

खिळ्यांवरून छापलेल्या पानाचा गुण असा, की अक्षर कागदात किंचित दाबले जाते आणि मागील बाजूस त्याचा उठाव राहतो. बाळ कोणतेही जुने पुस्तक हाती घेतले की आधी मजकूर वाचीत नसे; डोळे मिटून पानाच्या पाठीवरून बोट फिरवी आणि जुळारी कसा होता, यंत्र कसे होते, कागद ओला होता की कोरडा, हे सांगे. मी ते पान उलटले. जेथे ते नाव होते त्या जागेच्या पाठीवरून तर्जनी फिरविली. म्हाताऱ्या बोटाला प्रथम काही कळले नाही. पुन्हा फिरविली, हलकेच.

ठसा चांगला उठला होता.